वाऱ्याच्या हातात किती

१७ जुलै

ताबोकाई अजून आलेला नाही. काल पहाटे कुपा माशांच्या मागे पश्चिमेला गेला, एकटाच. काल दिवेलागणीपर्यंत यायला हवा होता. आज सकाळी किनारा रिकामा, दुपारीही रिकामा. सासूबाई म्हणतात, "मासा लागला असेल. हावरट आहे माझा पोरगा!" मासा लागला की माणूस लवकर घरी येतो. पण त्यांना कोण सांगणार?

तीन वाजता बेटाच्या कौन्सिलच्या कचेरीत गेले. माझीच कचेरी, माझंच टेबल, माझाच फोन. हरवलेल्या होडीचा फॉर्म मी आजवर सहा घरांसाठी भरलाय. 'कळवणाऱ्याचं नातं' या रकान्यात आज 'बायको' लिहिलं. अक्षर चांगलं आलं. कसं आलं, देव जाणे.

१८ जुलै

फिजीच्या शोधकेंद्रातून फोन. सेरु नावाचा अधिकारी. आवाजावरून तरुण वाटला, पण सावकाश बोलतो, उलट विचारलं तरी चिडत नाही.

"बाई, वस्तूचा प्रकार सांगा."

"कसली वस्तू?"

"शोधायची वस्तू."

"माझा नवरा आहे तो!"

 मग म्हणाला, "हो बाई. पण वाऱ्याला तो दिसत नाही. वाऱ्याला होडी दिसते."

मग एकेक विचारत गेला. किती लांब? साडेपाच मीटरच्या जवळपास की कमी? पत्र्याची की लाकडाची? वर छप्पर आहे का? इंजिन खाली सोडलेलं की वर घेतलेलं? त्याला म्हणे विंडेज काढायचंय. वारा एखाद्या वस्तूला किती ढकलतो त्याचा आकडा. मला शब्द ऐकून माहीत होता. बाबा जर्मन जहाजांवर होते तेव्हा सुट्टीवर आले की सांगायचे, "जहाजाचं जेवढं अंग पाण्याच्या वर, तेवढं वाऱ्याच्या हातात." तेव्हा मी नऊ वर्षांची, मला फक्त त्यांनी आणलेल्या बिस्किटांशी मतलब.

शेवटी विचारलं, "होडीत पाण्यात सोडायची झोळी आहे का?"

आहे! मी जवळजवळ ओरडलेच. मीच शिवलीय ती, दोन वर्षांपूर्वी. कौन्सिलच्या शिबिरात शिकवलं होतं. जाड कापडाची शंकूसारखी झोळी. इंजिन बंद पडलं की होडीच्या पुढच्या टोकाला दोरीनं बांधायची आणि पाण्यात टाकायची. ती पाण्यानं फुगते, होडीला धरून ठेवते, वाऱ्याबरोबर पळू देत नाही. ताबोकाईला शपथ घातली होती, झोळीशिवाय प्रवाळाच्या रीफच्या बाहेर जायचं नाही. आणि दर वेळी परत आला की मी विचारायचे, आणि तो म्हणायचा, "टाकली होती ना. छान धरते!"

माझा भाऊ बिरिआम दाराशी उकिडवा बसला होता. कालपासून माझ्यामागेच आहे. मध्येच म्हणाला, "ताई, पण तो ती टाकतो का?"

फोनवर हात ठेवून मी त्याला असं झापलं! "तू माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणतोस? आज? या घटकेला?"  आमच्यात भावानं बहिणीच्या नवऱ्याविषयी वाईट बोलायचंच नसतं, त्याला कळायला नको?

सेरुला सांगितलं: झोळी आहे. वापरतो. लिहून घ्या.

१९ जुलै

विमान आलं. उत्तरेकडून आलं, गावावरून गेलं, पश्चिमेला लहान लहान होत गेलं. पोरं किनाऱ्यावर ओरडत पळाली. सासूबाईंनी हात जोडले. मी कचेरीत बसून फोनकडे बघत राहिले.

काही नाही.

२० जुलै

आजही काही नाही.

सेरुनं त्यांचा तक्ता पाठवलाय. मीच मागितला. मला आकडे दिसले की बरं वाटतं, माझा स्वभावच तसा. कुठली वस्तू वाऱ्याबरोबर किती वाहते त्याची यादी. रिकामी होडी. भरलेली होडी. उलटलेली होडी. झोळी टाकलेली होडी. लाकडाचा ओंडका. मग माणूस, पाण्यात उभा. माणूस, जाकीट घालून बसलेला. आणि त्याच्याखाली माणूस, मेलेला, पालथा. त्याचा आकडा वेगळा! मेलेल्याला वारा कमी धरतो, कारण बराचसा पाण्याखाली असतो. कोणी बसून मोजलं असेल हे? कुणाला मोजलं असेल?

कागदाची घडी घालून खणात ठेवला. पाच मिनिटांनी परत काढला.

झोळी टाकलेली होडी साध्या होडीच्या निम्म्यानंही वाहत नाही. म्हणून सेरुनं नकाशावर जी चौकट आखलीय ती बेटापासून फार लांब नाही. मी मनातल्या मनात त्या झोळीला म्हटलं, धर. घट्ट धरून ठेव माझ्या माणसाला.

२१ जुलै

बिरिआम नीरा काढून घेऊन आला. नारळाच्या करवंटीत ओतून दिली, म्हणाला, "पी. तीन दिवस नुसत्या चहावर आहेस." प्यायले. मग तो तक्त्याकडे बघत बसला. त्याला आकडे वाचायला वेळ लागतो.

"झोळी नसती तर हा आकडा?"

"हा."

"म्हणजे चौकट कुठे गेली असती?"

मी नकाशावर बोटानं दाखवलं. पाच दिवसांत साठ-एक मैल आणखी पश्चिमेला.

"आणि तिथे विमान गेलंच नाही?"

"कशाला जाईल? झोळी आहे ना."

तो बराच वेळ नकाशाकडे बघत होता. मग माझ्या खुर्चीखालची करवंटी उचलून निघून गेला. 

२२ जुलै

शोध थांबवला.

सेरु स्वतः बोलला. "बाई, सगळी चौकट दोनदा पाहिली. होडी तिथे असती तर दिसली असती. नवीन माहिती मिळाली तर लगेच कळवा." नवीन माहिती! सहा घरांना हेच वाक्य मी माझ्या तोंडानं सांगितलंय. ते माझ्याकडे कसे बघायचे ते आज कळलं.

सासूबाईंनी चटई आतल्या बाजूला ओढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. भर दुपारी.

२३ जुलै

 सगळं लिहिणारच, एकही शब्द न गाळता.

सकाळी बिरिआम आला. आत आला नाही. नीरफणसाच्या झाडाखाली उभा राहून म्हणाला, "ताई, झोळी होडीत नाहीये."

मला वाटलं, त्यालाही भ्रम झालाय.

"मे महिन्यात मी ताबोकाईकडे बुबुसी केली. झोळी मागितली. तो नाही कसं म्हणणार?"

खरंच, कसं म्हणणार! आपल्या माणसानं तोंड उघडून मागितलं की द्यायचं, मग ते डुक्कर असो, सायकल असो, अंगावरचा सदरा असो. बुबुसीला नाही म्हणणारा माणूस या बेटावर तोंड दाखवू शकत नाही. पण काय मागावं याला काही अक्कल?

"कुठे आहे ती?"

"बायकोच्या भावानं माझ्याकडे मागितली. ओनोतोआ बेटावर घेऊन गेला. तिथून पुढे कोणी मागितली असेल तर माहीत नाही."

"सहा दिवस! मी त्या माणसाला झोळी आहे, झोळी आहे म्हणून सांगत होते, तू दाराशी बसला होतास! का नाही बोललास?"

"लाज वाटली."

लाज! लाज वाटली म्हणे! विमान चुकीच्या पाण्यावर तीन दिवस घिरट्या घालतंय आणि याला लाज वाटतेय. आणि परवा नीरा पाजून विचारत होता, झोळी नसती तर आकडा किती, चौकट कुठे. आपलं पाप किती मैलांचं झालंय ते मोजत होता! आणि मी मूर्ख, मी त्याला बोटानं दाखवत होते.

तोंडाला येईल ते बोलले त्याला. आईच्या नावानंही बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "ताई, आधी फोन कर. मग हवं तेवढं बोल."

धावत कचेरी गाठली. सेरुला सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं की माझी माहिती चुकीची होती. त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. "झोळी नाही. नक्की?" "नक्की. ज्यानं नेली त्यानंच सांगितलं." मला पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज येत होता.

आता आठवतंय. जूनमध्येही ताबोकाई म्हणाला होता, "टाकली होती, छान धरते." म्हणजे माझ्याशी खोटं बोलला. पण का? मेव्हण्याला सांभाळून घ्यायला! मी बिरिआमला फाडून खाईन हे त्याला माहीत होतं. इतका चांगला माणूस, आणि कुणासाठी!

२४ जुलै

नवीन चौकट. आधीच्या चौकटीच्या बाहेर, सगळीच पश्चिमेला. विमानाला फक्त एक दिवस मिळाला आणि निम्म्या पाण्यावर ढग होते. तिकडे मासेमारीची मोठी जहाजं फिरतात, त्या सगळ्यांना सेरुनं निरोप पाठवलाय. काही जहाजांवर मासे शोधायला हेलिकॉप्टर असतं. "ते मासे बघतात बाई, पण डोळे डोळेच असतात," म्हणाला.

आठ दिवस झाले. होडीत पाण्याचे दोन कॅन होते, मीच भरले होते. पाऊस पडला असेल का तिकडे?

२५ जुलै

आज मानेआबात, गावच्या सभाघरात, सगळं गाव जमलं. ताबोकाईसाठी प्रार्थना. आमच्या घराण्याची जागा पूर्वेकडच्या तिसऱ्या खांबाशी, आजोबांच्या आजोबांपासून. बिरिआम तिथे बसला होता. बसला होता! बाबांच्या जागेवर, मांडी घालून.

प्रार्थना संपली आणि मी उठले. बायका असं उठून बोलत नाहीत. बौरो आजोबा सगळ्यांत म्हातारे, त्यांनी मान हलवली. "बोल, मारेवा."

सगळं सांगितलं. मे महिन्यापासून.  बौरो आजोबांनी विचारलं, "बिरिआम, खरं आहे हे?"

"खरं आहे."

"मागताना कळलं नाही, कशासाठी असते ती?"

"कळलं होतं."

सासूबाई थुंकल्या. देवासमोर जमलेल्या लोकांत, मानेआबात! 

मग मी म्हटलं, "हा माझ्या बापाच्या जागेवर नको. मला भाऊ नाही." आवाज फाटला नाही. फॉर्म वाचून दाखवावा तसं म्हटलं. बिरिआम उठला, वाकून सगळ्यांच्या पुढून गेला आणि छपराच्या बाहेर, जिथे डुकरं हिंडतात तिथे उन्हात जाऊन बसला. सभा संपेपर्यंत तिथेच होता. त्याची बायको पोराला घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसली.

एकदाही वर बघितलं नाही त्यानं. बघायला हवं होतं.

२६ जुलै

बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२८ जुलै

कचेरीत एक बाई जन्माचा दाखला मागायला आली. मी तारीख तीनदा चुकवली. ती म्हणाली, "राहू दे, पुढच्या आठवड्यात येते." पाठ वळवून डोळे पुसत होती. माझ्यासाठी रडत होती! मला तिचा राग आला.

२९ जुलै

सापडला सापडला सापडला!!

जिवंत!

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. सेरुचा फोन. "बाई, बसल्या आहात का तुम्ही?" मी उभी होते, मी म्हटलं बसलेय. जहाजाच्या हेलिकॉप्टरला दिसला. नवीन आकड्यानं काढलेल्या रेषेवर, अगदी रेषेवर! बोलतोय, पाणी पितोय, पाय सुजलेत, पाठ भाजलीय. तेरा दिवस. इंजिनाची तार पहिल्याच दिवशी तुटली होती. पावसाचं पाणी ताडपत्रीत धरलं आणि कच्चा मासा खाल्ला.

"आधीच्या आकड्यावर राहिलो असतो तर कोणी तिकडे बघितलंही नसतं," सेरु म्हणाला.  मग आम्ही दोघंही फोनवर वेड्यासारखे हसत सुटलो. सरकारी फोन!

पळत घरी गेले. चप्पल कचेरीतच राहिली. सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच होत्या. सांगितलं. उठल्या, केस बांधले, म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, मासा लागला असेल." आणि मग माझ्या गळ्यात पडून अशा रडल्या की शेजारचं घर धावून आलं.

३० जुलै

जहाजाला अजून मासे भरायचेत. मग तारावाला, राजधानीला जाणार, होडीही बरोबर. तिथून बेटावर. तीन आठवडे तरी. चालेल. तीन महिनेही चालतील.

बौरो आजोबा येऊन गेले. बाबाई कंद घेऊन आले होते. जाता जाता म्हणाले, "पोरानं चूक कबूल केली म्हणून तुझा माणूस सापडला, मारेवा. एवढं तरी धर."

मी म्हटलं, "आजोबा, चूक केली नसती तर दुसऱ्याच दिवशी सापडला असता."

  हिशेब सरळ आहे. घर पेटवणाऱ्यानं बादली आणून दिली म्हणून त्याच्या पाया पडायचं का?

२ ऑगस्ट

बिरिआम गेला. बायकोच्या गावी, ओनोतोआला, खोबरं काढायच्या कामाला. सगळं घर घेऊन गेला. बोटीवर चढताना कोणी पोचवायला नव्हतं म्हणे. मी कचेरीत होते. बोटीचा भोंगा ऐकला आणि हातातलं पत्र पूर्ण टाइप केलं.

जाताना सासूबाईंकडे नीरा ठेवून गेला. दोन बाटल्या. त्यांनी ओतून दिली. मी थांबवलं नाही.

९ ऑगस्ट

आईची आठवण येतेय आज. ती असती तर काय म्हणाली असती? बिरिआम तिचा लाडका. तापानं फणफणला होता तेव्हा मी सात वर्षांची, तो पाच. आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी, आणि मला म्हणायची, "याच्याकडे तूच बघायचंस पुढे." बघितलं ना! शाळेत बघितलं, लग्नात बघितलं. म्हणूनच तर इतकं लागलं. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा सहा दिवस माझ्या दाराशी बसून माझं तोंड बघत होता. रोज माझ्याबरोबर फोनची वाट बघत होता. यातलं खरं काय होतं?

नाही. माफ नाही करणार. ताबोकाई करील, तो भोळा आहे. मी नाही.

१३ ऑगस्ट

ताबोकाई तारावाला उतरला. फोनवर बोललो. तो रडला, मी रडले, पाच मिनिटांची लाइन त्यातच संपली. बिरिआमचं नाव मी काढलं नाही. त्याला घरी येऊ दे, बरा होऊ दे. मग सांगेन, तुझ्या चांगुलपणाचं काय झालं ते.

१८ ऑगस्ट

उद्या येतोय. अख्खं गाव स्वयंपाकाला लागलंय. डुक्कर, नीरफणस, भात, तळलेले मासे. सासूबाई सगळ्यांवर ओरडतायत. त्यांना पुन्हा ओरडताना ऐकून किती बरं वाटतंय!

१९ ऑगस्ट

आला. वाळून काडी झालाय, पण आला. सगळ्यांनी त्याला मानेआबात नेलं आणि मी होडी रिकामी करायला मागे राहिले. मागच्या बाकाखाली झोळी होती. माझीच, माझ्या हातची शिवण. घडी मोडलेली नाही, दोरी कोरी.

त्याला बाजूला घेऊन विचारलं. ओशाळून हसला. "अगं, खरं सांगू? कधी टाकलीच नाही, सवय नाही म्हणून या वेळीही आठवली नाही. पाण्यात झोळी सोडून बसलो तर बाकीचे होडीवाले हसतील. तुला वाईट वाटेल म्हणून म्हणायचो, टाकली होती. बिरिआमला ठाऊक होतं, त्याला विचार हवं तर. कुठेय तो? सकाळपासून दिसला नाही."

बिरिआमनं झोळी घेतलीच नव्हती. त्यानं फक्त आकडा बदलून घेतला. खरं सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, म्हणून.

ओनोतोआची बोट गुरुवारी आहे. जागा नाही म्हणतात. डेकवर बसून जाईन.